लोखंडाची काळी त्वचा

पुणें-सोलापूर लोहमार्गावरील दौंड येथून १८७८ सालीं मनमाडचा फांटा निघाला आणि तें मोठें जंक्शन झालें. तेथील रुळांकडे पाहिल्यास नित्य वापरांतील रुळाचा माथा चाकांनीं घांसून लखलखतांना दिसतो, तर त्याची बाजू तांबूस गंजानें माखलेली असते. कारखान्यांतून नुकताच आलेला रूळ काळसर निळा असतो. तांबडा आणि काळा हे दोन्ही रंग लोखंड व प्राणवायु यांच्याच संयोगाचे. मग एकानें लोखंड झिजावें आणि दुसऱ्यानें राखावें, हें कसें?

पाणी व प्राणवायु यांच्या योगें होणारा तांबडा गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो फुगून पापुद्र्यांनीं सुटतो आणि खालचें कोरें लोखंड पुन्हां उघडें पडतें. काळें ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, धातूस घट्ट चिकटून राहतें. परंतु थर जाड झाला कीं तडकतो. तप्त पोलाद निवतांना रुळावर धरणारी खपली अशीच ठिसूळ असते. तिच्या भेगांतून पाणी शिरतें.

म्हणून कारखान्यांत हा थर अत्यंत पातळ करितात. शिरूर तालुक्यांतील रांजणगांवासारख्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे जे काळे बोल्ट सर्रास दिसतात, त्यांपैकीं पुष्कळांचा काळेपणा रंगाचा नसतो. स्वच्छ केलेला बोल्ट कॉस्टिक सोडा व सोडियम नायट्रेट यांच्या सुमारें १४० अंश सेल्सिअस उष्ण द्रावणांत कांहीं मिनिटें बुडवितात. लोखंडाचा पृष्ठभागच काळा होतो. थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारें एक सहस्रांश. त्यामुळें आटे बुजत नाहींत.

परंतु काळा रंग दिसला म्हणून गंजाचें भय संपलें, असें मानणें घातक होय. हा थर सच्छिद्र असतो आणि त्या छिद्रांत मुरलेलें तेलच पाण्यास अडवितें. तेलावांचून दमट हवेंत त्याचा निभाव लागत नाहीं.

दौंड तालुका उसाचा. तोडणी संपली कीं कोयता पावसाळाभर पडून राहतो. लोहाराच्या भट्टींत तापल्यानें त्याचें अंग काळें झालेलें असतें. पण घांसून काढलेल्या धारेस ती त्वचा नसते आणि गंज प्रथम तेथेंच धरतो. पोट ज्या हत्यारावर, त्याची धारच खड्ड्यांनीं खाल्ली जाते. ठेवण्यापूर्वीं कोयता पुसून त्यावर तेलाचा हात फिरविला, तर पुढील हंगामास तो पुन्हां कामास येतो. घरांतील लोखंडी तव्यासही हाच नियम: धुवून कोरडा करावा, किंचित् तापवावा आणि तेल लावूनच ठेवावा.