मावा दिसू लागतो तेव्हा

ओक्लाहोमा सिटीबाहेरचं एक कळकट मोटेल. तिथल्या एका खोलीत ॲग्नेस व्हाइट राहते. बारमध्ये वेट्रेसचं काम, सोबतीला दारू आणि कोकेन. फोन वाजतो, पण पलीकडून कोणी बोलत नाही. मारकुटा पूर्वीचा नवरा तुरुंगातून सुटलाय, तोच असणार, असं ती धरून चालते. ट्रेसी लेट्स यांचं ‘बग’ हे नाटक असं खऱ्या, रास्त भीतीनं सुरू होतं. पुढे जे घडतं त्याची मुळं या भीतीत आहेत.

मैत्रीण आर. सी. एका रात्री पीटर इव्हान्सला घेऊन येते. हा आखाती युद्धातला सैनिक, मितभाषी आणि सभ्य. तो तिथेच राहतो. मग एका रात्री त्याला अंथरुणात किडा चावतो. हा मावा आहे, तो सांगतो. आपल्याकडे पिकावर पडतो तोच मावा. ॲग्नेसला आधी काही दिसत नाही. तो बोटानं दाखवत राहतो, ती डोळे ताणून बघत राहते, आणि हळूहळू तिला दिसू लागतं. माझ्या मते सगळं नाटक या क्षणात आहे. तिला किडा पटलेला नसतो. कितीतरी काळानंतर भेटलेला मायेचा माणूस तिला गमवायचा नसतो.

लष्करी डॉक्टरांनी आपल्यावर प्रयोग केले, रक्तात किडे सोडले, असं पीटर म्हणतो. खोलीत माशांचे चिकटपट्टे येतात, सूक्ष्मदर्शक येतो, शेवटी भिंतींवर ॲल्युमिनियमची फॉइल चढते. दातात अंडी आहेत म्हणून तो रंगमंचावरच स्वतःचा दात उपटतो. प्रेक्षकाला मात्र एकही किडा दिसत नाही.

एकाचा भ्रम दुसऱ्याला लागण्याच्या या अवस्थेचं वर्णन लासेग आणि फाल्रे या फ्रेंच वैद्यांनी 1877 मध्ये ‘फोली आ दू’, म्हणजे दोघांचं वेड, या नावानं केलं. त्यांनी सांगितलेल्या अटी अशा: एक वरचढ, दुसरा त्याच्यावर अवलंबून, दोघं जगापासून तुटून एकत्र राहणारी, आणि भ्रम असा, की तो दुसऱ्याच्या आशेला किंवा भीतीला शिवतो. ॲग्नेसकडे तशी दुखरी जागा आहे. तिचा लहानगा मुलगा दुकानातून नाहीसा झाला, तो सापडलाच नाही. शेवटाकडे पीटर तिला एकेक धागा जोडायला लावतो, आणि मुलाचं हरवणं, नवरा, किडे, सैन्य हे सगळं ती स्वतःच एका कटात गुंफते. त्या लांबलचक बोलण्यात तिला दुःखाचं कारण सापडल्याचा आनंद आहे. ते ऐकताना अंगावर काटा येतो. मग दोघं पेट्रोल ओतून घेतात.

पीटर नुसता वेडा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण त्याच्या देशानं, अमेरिकेनं, असे प्रकार खरोखर केले आहेत. टस्कीगीत 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून त्यांचं निरीक्षण केलं गेलं. 1953 पासून सीआयएनं माणसांना त्यांच्या नकळत एलएसडी दिलं. ज्या शहराच्या कडेला नाटक घडतं तिथेच 19 एप्रिल 1995 ला आखाती युद्धात लढलेल्या टिमथी मॅकव्हेनं सरकारी इमारत उडवली. 168 माणसं गेली. सैन्यानं माझ्या शरीरात चिप बसवली, असं तो सांगत असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. लेट्स याच ओक्लाहोमाचे. पुढच्याच वर्षी लंडनच्या गेट थिएटरमध्ये ‘बग’चा पहिला प्रयोग झाला, पीटर होता मायकेल शॅनन. 2006 मध्ये विल्यम फ्रीडकिननं त्यालाच घेऊन चित्रपट केला.

शिकागोच्या स्टेपनवुल्फनं 2020 च्या सुरुवातीला हे नाटक डेव्हिड क्रोमरच्या दिग्दर्शनात आणलं. ॲग्नेस होती कॅरी कून, लेट्स यांची पत्नी. मार्चमध्ये महामारीनं नाट्यगृहं बंद पाडली आणि 2021 च्या अखेरीस तोच प्रयोग परत आला. मधल्या काळात प्रेक्षकही आपापल्या खोल्यांत कोंडून होते. लशीतून शरीरात चिप सोडतात हे पीटरच्या तोंडी शोभणारं वाक्य त्यांनी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलेलं होतं.