खाली ओढल्यासारखे वाटते तेव्हा

जुलैमध्ये वज्रेश्वरीच्या परिसरात, तानसा नदीच्या काठच्या खाचरांत भातलावणीची घाई असते. बायका दिवसभर कमरेत वाकून चिखलात रोपे लावतात. त्याच्या आधी आणि नंतर घरचे पाणी, सरपण, स्वयंपाक आहेच. संध्याकाळी कंबर दुखते हे कोणीही सांगते. पण आणखी एक त्रास अनेकजणी मनातच ठेवतात. दिवस कलला की ओटीपोट जड होते, खाली काहीतरी ओढल्यासारखे, उतरल्यासारखे वाटते. देवीच्या देवळाच्या ५२ पायऱ्या चढताना ते जास्त जाणवते. खोकला आला, शिंक आली तर लघवीचे दोन थेंब गळतात. रात्री आडवे झाले की बरे वाटते आणि सकाळी काहीच नसते.

गावात याला ‘अंग येणे’ किंवा ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. हा त्रास फक्त शेतातल्या बाईचा नाही. भिवंडीच्या गोदामात दिवसभर उभ्याने माल हलवणारी, ठाण्यात जिममध्ये वजने उचलणारी किंवा बाळंतपणानंतर पुन्हा धावायला लागलेली तरुणीही हेच सांगते. वय झाले, बाळंतपणे झाली, आता हे चालायचेच, असे समजून तो सोसला जातो. तो सोसण्याची गरज नसते. आणि ‘पिशवी काढून टाकणे’ हा त्यावरचा पहिला उपायही नसतो.

शिंके आणि खालचा हात

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव ओटीपोटात शेजारी शेजारी असतात. त्यांना दोन प्रकारचे आधार असतात. घरात शिंक्यात मडके टांगलेले असते, तसे वरून आणि बाजूंनी आलेले बंध गर्भाशयाला धरून ठेवतात. खालून, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत पसरलेला स्नायूंचा पट्टा हात दिल्यासारखा सगळा भार झेलतो. हा हात भक्कम असेल तोवर शिंक्याच्या दोऱ्यांवर ताण येत नाही. तो कमजोर झाला की सारे वजन दोऱ्यांवर येते, त्या हळूहळू ताणल्या जातात आणि मडके खाली सरकते.

हात कमजोर होण्याचे सर्वात मोठे कारण म्हणजे योनीमार्गे झालेली बाळंतपणे, विशेषतः अवघड आणि लागोपाठची. पाळी गेल्यानंतर संप्रेरके कमी होतात आणि या भागातले पेशीजाल पातळ होते. त्यात पोटातला दाब पुन्हा पुन्हा वाढवणाऱ्या गोष्टींची भर पडते. जड ओझी उचलणे, शौचाला कुंथणे, चुलीच्या धुराने किंवा दम्याने जडलेला जुना खोकला, वाढलेले वजन, ही त्यातली नेहमीची कारणे. बाळंतिणीला सव्वा महिना जड काम सांगायचे नाही, या जुन्या रीतीत शहाणपण आहे. मात्र हातावर पोट असलेल्या घरात ती पाळणे कठीण जाते.

बोलले जात नाही, म्हणून

महाराष्ट्रात या मौनाची मोजदाद पूर्वीच झाली आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्याचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाशी संबंधित कोणता ना कोणता विकार होता. आधी कधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या केवळ ८ टक्के.

मौनाची दुसरी बाजू बीडमध्ये दिसली. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांच्या तक्रारी वेगवेगळ्या होत्या. पण ओटीपोटातल्या कुठल्याही दुखण्याचे मूळ पिशवीत आहे, ही समजूत किती खोल गेली आहे ते त्यातून कळते. अंग खाली येण्याच्या बाबतीत दोष मडक्यात नसतो, आधारात असतो. मडके काढले तरी सैल आधार सैलच राहतो, आणि पुढे योनीचा वरचा भाग किंवा मूत्राशय खाली उतरू शकते. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी गर्भाशय न काढता पट्टीच्या साह्याने ते वर बांधण्याची शस्त्रक्रिया विकसित केली, ती याच विचारातून.

स्नायू कसे बळकट करायचे?

खालचा हात म्हणजे स्नायूच. आणि स्नायू कोणत्याही वयात व्यायामाने सुधारतात. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या व्यायामांवर लेख प्रसिद्ध केला, म्हणून ते केगेल व्यायाम या नावाने ओळखले जातात. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अंग खाली येण्याचा त्रास असलेल्या ४४७ स्त्रिया होत्या. ज्यांना फिजिओथेरपिस्टने प्रत्येकीगणिक व्यायाम शिकवला, त्यांचा त्रास वर्षभरानंतर इतरांपेक्षा कमी होता.

सुरुवात आडवे पडून, गुडघे वाकवून करावी. वायू सरू नये म्हणून आपण जसे आवळतो, तसे आवळून आत आणि वर ओढावे. पोट, मांड्या, कुल्ले सैल ठेवावेत, श्वास रोखू नये. तीन ते पाच सेकंद धरावे, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमू लागले की दहा सेकंदांपर्यंत न्यावे, मग बसून, उभ्याने करावे. फरक कळायला तीन-चार महिने लागतात. लघवी करताना धार थांबवून हा व्यायाम करू नये.

प्रत्येकीला आवळण्याचाच व्यायाम लागतो असे नाही. काही स्त्रियांचे हे स्नायू कमजोर नसून सतत आखडलेले असतात. त्यांना जडपणापेक्षा दुखणे जास्त असते, संबंधाच्या वेळी किंवा लघवी सुरू करताना त्रास होतो. त्यांनी आधी सैल सोडायला शिकायचे असते. म्हणून एकदा तपासून घेणे महत्त्वाचे.

काम थांबत नाही, पद्धत बदलते

ओझे उचलण्याआधी खालचे स्नायू आवळावेत आणि उचलताना श्वास सोडावा. श्वास कोंडून उचलले की सगळा दाब खाली जातो. गुडघ्यात वाकावे, वस्तू अंगाजवळ धरावी. एका मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान खेपा बऱ्या, आणि हंडा डोक्यावर चढवताना कोणाचा तरी हात घ्यावा. खोकण्या-शिंकण्याच्या क्षणीही आधी आवळावे. शेतावर आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिणे आणि लघवी दाबून ठेवणे टाळावे. त्याने बद्धकोष्ठ वाढते, आणि कुंथणे या स्नायूंचे मोठे शत्रू आहे. दुपारी पंधरा मिनिटे आडवे होणे हा आळस नव्हे. तेवढ्यानेही बंधांवरचा ताण उतरतो.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर अंगदुखी घेऊन लोक दुरून येतात. गरम पाण्याने आखडलेले स्नायू सैलावतात, कंबरेला आराम पडतो, हे खरे. पण ताणलेल्या दोऱ्या त्याने आखूड होत नाहीत. अंग बाहेर येत असेल आणि त्यावर जखम असेल, तर कुंडात उतरू नये.

डॉक्टरांकडे कधी?

खाली गाठ हाताला लागत असेल, लघवी किंवा शौच पूर्ण होत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. लघवी अजिबात न होणे, पाळी गेल्यानंतर रक्त जाणे, बाहेर आलेल्या भागावर जखम, ताप किंवा तीव्र वेदना, यांत थांबूच नये. ताणलेल्या बंधांना व्यायाम पूर्ववत करू शकत नाही. अशा वेळी योनीत बसवायची पेसरी, म्हणजे आधार देणारी रबर किंवा सिलिकॉनची कडी, उपयोगी पडते. ती वेळोवेळी काढून स्वच्छ करावी लागते. शस्त्रक्रिया लागलीच, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : आधार कसा दुरुस्त करणार?

पहिल्यांदा सांगायचे कोणाला, हा अनेकींपुढचा खरा अडसर असतो. गावात आशाताई असतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स असतात. ‘संध्याकाळी खाली जड वाटते’ एवढे चार शब्द त्यांना पुरतात. त्रास नवा असतानाच ते सांगितले, तर बहुतेकदा व्यायामावर आणि ओझे उचलण्याच्या पद्धतीवर भागते.