‘एक्झिक्युटिव्ह’ मोटार जुनी घ्यावी. पण किती जुनी?

दहा-बारा लाख रुपये हाताशी असलेल्या शहरी कुटुंबापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. या पैशांत नवी कोरी छोटी गाडी घ्यायची, की एके काळी वीस लाखांच्या घरात विकली जाणारी, कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या दिमतीला असणारी मोठी सेडान जुन्या बाजारातून उचलायची? स्कोडा ऑक्टाविया, होंडा सिव्हिक, टोयोटा कोरोला आल्टिस, ह्युंदाई एलान्ट्रा ही या वर्गातील परिचित नावे. ऐसपैस बैठक, दणकट बांधणी, महामार्गावरील स्थैर्य आणि किंमत मात्र निम्म्यावर आलेली. मोह पडावा असाच हा व्यवहार आहे. तो लाभाचा ठरेल की डोईजड होईल, हे गाडी कितव्या वर्षी घेतली यावर बरेचसे अवलंबून असते.

घसाऱ्याचा अंदाज बांधण्यासाठी विमा क्षेत्रात रूढ असलेले कोष्टक उपयोगी पडते. गाडीचे विमामूल्य ठरवताना सहा महिने ते एक वर्ष वयाच्या गाडीला १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्या वर्षात ३०, चौथ्या वर्षात ४० आणि पाचव्या वर्षात ५० टक्के घसारा धरला जातो. पाच वर्षांनंतर मूल्य विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचे असते. म्हणजे शोरूममधील किंमत २० लाख असलेली गाडी चौथ्या वर्षात कागदोपत्री १२ लाखांची आणि पाचव्या वर्षात १० लाखांची होते.

पहिल्या मालकाचे नुकसान याहून मोठे असते. महाराष्ट्रात १० ते २० लाख रुपये किमतीच्या पेट्रोल मोटारीवर व्यक्तीला १२ टक्के एकरकमी वाहन कर भरावा लागतो. २० लाखांच्या गाडीवर हा आकडा २ लाख ४० हजार होतो. कंपनीच्या नावे नोंदणी असेल तर दर आणखी चढा. हा पैसा विक्रीच्या वेळी वेगळा मिळत नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकली गेल्यास नव्या मालकाला तो पुन्हा भरावाही लागत नाही. घसारा दुसऱ्याने सोसायचा आणि गाडी आपण वापरायची, हे जुन्या गाडीचे तत्त्व या वर्गात इतके ठळक दिसते ते त्यामुळेच. त्यातच गेल्या काही वर्षांत ग्राहक उंच ‘एसयूव्ही’कडे वळल्याने मोठ्या सेडानला गिऱ्हाईक कमी, आणि घासाघीस करणाऱ्याला वाव अधिक.

भाव उतरतो, सुटे भाग उतरत नाहीत

मग आठव्या-नवव्या वर्षी, चार-पाच लाखांत मिळणारी गाडीच का घेऊ नये? हिशेब चुकतो तो नेमका इथे. गाडीची किंमत वर्षागणिक खाली येते. तिच्या सुट्या भागांची येत नाही. वीस लाखांच्या गाडीचा हेडलॅम्प, स्टीअरिंगचा संच किंवा वातानुकूलन यंत्रणेचा कॉम्प्रेसर पाच लाखांना घेतलेल्या गाडीलाही वीस लाखांच्या गाडीच्याच दराने बसतो. दुहेरी क्लच असलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे काम निघाले तर खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो. अशा वेळी दुरुस्तीचा आकडा गाडीच्या बाजारभावाच्या शेजारी मांडून पाहण्याची पाळी मालकावर येते.

कंपनीची मूळ हमी साधारण तीन-चार वर्षांत संपते. मोठे खर्च त्यानंतरच्या काही वर्षांत दाटीने येतात. टायर पाच-सहा वर्षांत बदलावे लागतात. त्यांच्या कडेवर छापलेले चार आकडी अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. म्हणजे ‘२३२१’ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. बॅटरी, ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे बुश, टायमिंग बेल्ट असल्यास तो, हे सारे याच काळात मागे लागते. टायमिंग बेल्टला किलोमीटरबरोबर वयाचीही मर्यादा असते, त्यामुळे ‘गाडी फार चाललीच नाही’ हा विक्रेत्याचा लाडका युक्तिवाद तिथे कामाचा नाही. सहाव्या वर्षी गाडी घेणाऱ्याने ही कामे आधीच्या मालकाने केली की पुढच्यासाठी ठेवली, हे सर्व्हिसिंगच्या नोंदींतून तपासावे. ओडोमीटरवरील आकड्यापेक्षा या नोंदी अधिक बोलक्या असतात.

किंमत उतरण्याचा मोठा टप्पा संपलेला आणि दुरुस्तीचा मोठा टप्पा सुरू न झालेला, असा जो अवधी असतो तोच खरेदीचा. या वर्गासाठी तो ढोबळमानाने चौथे आणि पाचवे वर्ष. अधिकृत केंद्रातील संपूर्ण नोंदी असल्या तर सहावे वर्षही चालेल. त्यापुढे गाडी स्वस्त असते, बाळगणे स्वस्त नसते.

अडचण अशी की या वयाच्या गाड्याच आता मोजक्या उरल्या आहेत. एप्रिल २०२० मध्ये ‘बीएस-६’ निकष लागू झाले आणि कोरोला आल्टिस थांबली. त्याच वर्षअखेर होंडाने ग्रेटर नोएडा येथील उत्पादन बंद केल्याने सिव्हिक गेली. त्यानंतर एलान्ट्रा आणि २०२३ मध्ये ऑक्टावियाही बाजारातून बाहेर पडली. म्हणजे आल्टिस व सिव्हिक यांच्या सर्वांत तरुण गाड्याही पाच वर्षांचा उंबरठा ओलांडत आहेत. मॉडेल बंद झाले म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही. कंपनी देशात टिकून असेल तर सेवा केंद्रे चालू राहतात. ऑक्टावियाची जोडणी तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथेच होत असे. कंपनीनेच गाशा गुंडाळला तर गोष्ट वेगळी. २०१७ च्या अखेरीस शेवरोलेने भारतातील विक्री थांबवली, तेव्हा क्रूझसारख्या गाडीच्या मालकांना याचा अनुभव आला. त्यामुळे क्रूझ कितीही स्वस्त दिसली तरी तिच्या वाटेला न जाणे बरे.

डिझेलच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. ‘बीएस-६’ डिझेल गाडीतील काजळी पकडणारी गाळणी स्वच्छ होण्यासाठी इंजिन बराच वेळ सलग, तापलेल्या अवस्थेत चालावे लागते. दर आठवड्याला मुंबई-पुणे करणाऱ्याला चिंता नाही. दादर ते अंधेरी रांगत जाणाऱ्याने पेट्रोलच घ्यावे. पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल तर २० टक्के इथेनॉलमिश्रित इंधन तिला कितपत मानवते, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहावे. दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात देऊ केल्या जातात. त्यांना ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. ही भर धरली की स्वस्ताई बरीच आटते.

जुनी पावती, नवा कर

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील ‘जीएसटी’ बदलला. १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सेडानवर पूर्वी उपकरासह ४८ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. छोट्या गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर आला. विक्रेता अद्याप जुन्या पावतीवरील किमतीतून घसारा वजा करून भाव सांगत असेल तर तो मान्य करू नये. पर्याय म्हणून समोर असलेली नवी छोटी गाडीच जर स्वस्त झाली, तर जुन्या मोठ्या गाडीचा भावही खाली यायला हवा. व्यापाऱ्याकडून घेतल्यास त्याच्या नफ्यावर १८ टक्के ‘जीएसटी’ असतो आणि तो किमतीतूनच वसूल होतो. व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या गाडीवर हा कर नाही.

वर्षातील वेळही पाहावी. दसरा-दिवाळी आणि गुढीपाडव्याला नव्या गाड्या घरी येतात, त्यानंतर बदल्यात दिलेल्या जुन्या गाड्या बाजारात येतात. जानेवारी लागताच प्रत्येक गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते. पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही. ज्यांना त्याचे सोयरसुतक नाही, त्यांच्यासाठी सौद्याचे ते चांगले दिवस.

कागदपत्रांत कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे पाहावे; बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाचे डाग आहेत का पाहिल्यास पुरात बुडालेली गाडी बहुधा ओळखू येते. हस्तांतरानंतर १४ दिवसांत विमा आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. विम्यावरील ‘नो क्लेम बोनस’ मात्र जुन्या मालकाबरोबर जातो, तेव्हा नव्या मालकाला हप्ता वाढीव येईल, हे सौदा ठरवतानाच धरून चालावे.