मेनफ्रेमच्या दारातला शिपाई

१९९१ साली स्ट्युअर्ट ऑल्सॉप या अमेरिकन तंत्रज्ञान-पत्रकाराने 'इन्फोवर्ल्ड' साप्ताहिकात एक भाकीत केलं होतं: १५ मार्च १९९६ रोजी शेवटच्या मेनफ्रेमची वीज तोडली जाईल. तो दिवस आला आणि गेला. मेनफ्रेम जागचे हलले नाहीत. पुढे ऑल्सॉपने आपली चूक जाहीरपणे कबूलही केली.

तुमच्यापैकी जे वायटूकेच्या लाटेत इकडे आले, त्यांना याचं नवल वाटणार नाही. कोबोल आणि जेसीएलवरच त्यांच्या पहिल्या नोकऱ्या उभ्या होत्या. बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो, की मोठ्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या हिशेबांचा बराच भाग अजूनही या यंत्रांवर चालतो. भाकीत का चुकलं याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक फारसं सांगितलं जात नाही: ही यंत्रं ऑफिसातल्या साध्या लोकल एरिया नेटवर्कला, म्हणजे लॅनला, जोडता आली.

त्यात काय मोठंसं, केबल खुपसली की झालं, असं वाटेल. पण अडचण केबलची नव्हती. अडचण शिस्तीची होती.

आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केली. तिच्यात महागड्या प्रोसेसरने टेप आणि डिस्कच्या मागे धावू नये म्हणून 'चॅनेल' नावाची वेगळी यंत्रणा होती. प्रोसेसर मेमरीत आज्ञांची एक छोटी यादी लिहून ठेवतो: अमुक उपकरणाकडून इतके बाइट वाच, तमुक जागी ठेव. मग तो चॅनेलला 'सुरू कर' सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. काम झालं की चॅनेल त्याला कळवतो. चॅनेलपासून उपकरणांपर्यंत 'बस' आणि 'टॅग' अशा दोन जाडजूड केबल जायच्या, जास्तीत जास्त ४०० फूट.

सरकारी कचेरीतले साहेब आठवा. साहेबांनी बेल वाजवली की आत जायचं, विचारलं तेवढंच सांगायचं, बाहेर यायचं. टेप, डिस्क, प्रिंटर ही सगळी उपकरणं या रिवाजात वाढलेली. फार तर दारातून खाकरून लक्ष वेधता येतं, पण साहेबांची आज्ञा झाल्याशिवाय कागद टेबलावर ठेवता येत नाही.

लॅन म्हणजे याच्या अगदी उलट, चाळीची गॅलरी. कोण कधी काय बोलेल याचा नेम नाही. इथरनेटवर फ्रेम न विचारता येते. ती तेवढ्यात घेतली नाही तर गेली.

सुरुवातीला लोकांनी यातून एक पळवाट काढली. मेनफ्रेमला ३२७० जातीचे टर्मिनल ठाऊक होते: बहुधा २४ ओळी, ८० अक्षरं, हिरवा पडदा. मग पीसीमध्ये एक कार्ड घालून, टर्मिनलची कोअॅक्स केबल त्याला जोडून, पीसीला टर्मिनलचं सोंग घ्यायला लावलं. १९८० च्या दशकातलं 'इर्मा' हे कार्ड यासाठी प्रसिद्ध होतं. यामुळे टेबलावरचा एक पडदा कमी झाला, पण मेनफ्रेमच्या लेखी समोर अजून टर्मिनलच होता. पीसीवरच्या प्रोग्रॅमला शिल्लक हवी असेल तर 'दहाव्या ओळीतलं तिसाव्या रकान्यापासूनचं' अशी ती पडद्यावरून खरवडून घ्यावी लागे. स्क्रीनची मांडणी बदलली की सगळं कोसळलं.

खरा उपाय म्हणजे दारात एक शिपाई बसवणं. त्याच दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमचं ८२३२ आलं आणि त्यामागून ३१७२. ८२३२ च्या आत चक्क एक औद्योगिक बनावटीचा पीसी होता. त्याच्या एका बाजूला चॅनेलचं कार्ड, दुसऱ्या बाजूला इथरनेट किंवा टोकन रिंगचं. गॅलरीतून येणाऱ्या चिठ्ठ्या हा शिपाई गोळा करतो आणि साहेबांनी बेल वाजवली की गठ्ठ्याने आत देतो. गठ्ठ्याने, कारण साहेबांना दर चिठ्ठीला उठवणं परवडत नाही. इथरनेटची फ्रेम फार तर दीड हजार बाइटची. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसरचं काम थांबवलं तर चॅनेलचा हेतूच बुडाला.

पण बेल वाजायचीच राहिली तर? इथली युक्ती मला फार आवडते. मेनफ्रेम वाचनाची आज्ञा आधीच देऊन ठेवतो, जणू 'काही आलं की दे'. ती आज्ञा लोंबकळत राहते. गठ्ठा आला की ती पुरी होते, आणि लगेच पुढची आज्ञा दिली जाते. पण एका उपकरणावर एका वेळी एकच आज्ञा चालते. मग बाहेर पाठवायचं कसं? म्हणून हा एकच अॅडॅप्टर मेनफ्रेमला दोन उपकरणं म्हणून दिसतो: सम क्रमांकावरून वाचायचं, लगतच्या विषम क्रमांकावर लिहायचं. घरी लॅपटॉपवर हर्क्युलिस नावाच्या एमुलेटरवर हे करून पाहताना मी ही जोडी उलटी लावली होती. दोन्ही उपकरणं यादीत व्यवस्थित दिसत होती आणि पिंगला उत्तर शून्य. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. (पीएचडीचा इथे काही उपयोग होत नाही.)

१९९० च्या दशकाच्या मध्यात शिपाई खोलीच्या आत आला. ओपन सिस्टिम्स अॅडॅप्टर, म्हणजे ओसा, हे कार्ड थेट मेनफ्रेमच्या कपाटात बसू लागलं. खरा फरक १९९९ च्या ओसा-एक्स्प्रेसने पडला. त्यात मेमरीमध्येच रांगा असतात, प्रत्येक रांगेत १२८ खण. कार्ड येणाऱ्या फ्रेम थेट खणांत टाकतं, सॉफ्टवेअर उचलून खण रिकामा करतं. दर खेपेला आज्ञांची यादी लिहायची गरज उरली नाही. साहेबांच्या टेबलावर ट्रे आला म्हणा ना. आता उपकरणं मात्र दोनाऐवजी तीन दिसतात: जुनी वाचन-लेखनाची जोडी फक्त नियंत्रणापुरती आणि तिसरं खऱ्या डेटासाठी.

इथवर शिपाई चिठ्ठ्या बिनचूक पोचवतो. चिठ्ठीत काय लिहिलंय ते मात्र त्याला वाचता येत नाही, आणि इथे पैसे बुडू शकतात. मेनफ्रेमची अक्षरलिपी एब्सिडिक, बाकी जगाची आस्की. म्हणून फाइल 'मजकूर' म्हणून पाठवली तर एफटीपी प्रत्येक बाइटचं लिप्यंतर करतं. नावापत्त्यांसाठी ते ठीक. पण कोबोल रकमा बहुधा 'पॅक्ड डेसिमल'मध्ये ठेवतो: एका बाइटात दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह. १२५ ही रक्कम हेक्साडेसिमलमध्ये '१२ ५सी' अशी दिसते. लिप्यंतरात पहिला बाइट तसाच राहतो. '५सी' मात्र एब्सिडिकमधली फुली, तारांकन. आस्कीत तिची जागा '२ए'. हाती येतं '१२ २ए'. आता दुर्दैव पाहा: चिन्हाच्या जागी 'सी' म्हणजे अधिक, आणि आयबीएमच्या नियमांत 'ए' म्हणजेही अधिक. त्या नियमांनी वाचणाऱ्या प्रोग्रॅमला संख्या वैध वाटते. १२५ चे १२२ होतात. अॅडॅप्टर निर्दोष, चेकसम बरोबर, लॉगमध्ये एकही तक्रार नाही.

बहुतेक रकमांचा असा चेंदामेंदा होतो की प्रोग्रॅम लगेच ओरडतो. ओरडत नाहीत त्या थोड्याच, आणि त्याच महिनाअखेरीच्या ताळेबंदापर्यंत पोचतात. तेव्हा मेनफ्रेमवरून रकमा असलेली फाइल कधी आणलीत, तर आधी 'बायनरी' ही आज्ञा द्या आणि त्या फाइलच्या नोंदींचा आराखडा, कोबोलवाले ज्याला कॉपीबुक म्हणतात तो, सोबत मागून घ्या. लिप्यंतर इकडे आल्यावर करा, एकेक रकाना पाहून.