मन्याचा सहावा दिवस

सकाळी ९.००
शटर वर जायच्या आधीच पायऱ्यांवर दोन कुत्री. रेबीजचे डोस, एका कानाचं ड्रेसिंग. लिहिण्यासारखं काही नाही.

९.४५
घोडबंदर रोडवरच्या काकू मन्याला बास्केटमधून घेऊन आल्या. नारिंगी बोका, वय आठ. लसीच्या पुस्तिकेत मार्चमधलं वजन ६.८ किलो, आज ५.९.

"डोंबिवलीहून इकडे राहायला आलो आणि हा पलंगाखालून बाहेरच येईना. म्हटलं रुसलाय, भूक लागली की खाईल."

"किती दिवस झाले, काकू?"

"आजचा सहावा."

कान उजेडात धरला, आतली बाजू हळद लावल्यासारखी. टाळूही पिवळा, तोंडातून लाळ. 'भूक लागली की खाईल' हे घरातल्या पोरांना लागू पडतं. मांजराला नाही, आणि लठ्ठ मांजराला तर अजिबातच नाही.

१०.३०
रक्त घेतलं, सलाईन लावलं. सोनोग्राफीत यकृत मोठं आणि पांढरट दिसतंय. काकांना फोनवर सांगितलं, फॅटी लिव्हर.

"अहो, मलाही आहे! आम्ही घरात तेल कमी केलंय, ह्याचंही करायचं का?"

नाव एकच, भानगड उलटी. काकांचं यकृत खाऊन चरबाळलं, मन्याचं न खाऊन. उपास पडला की अंगावरची चरबी सुटून यकृताकडे धावते. तिथून ती पुढे पाठवायला प्रथिनांचं वाहन लागतं आणि प्रथिनं तर खाण्यातूनच येतात. वाशीच्या मार्केटात ट्रकवर ट्रक येताहेत आणि माल बाहेर न्यायला एकही टेम्पो नाही, अशी गत. माणूस किंवा कुत्रा उपाशी राहिला की शरीर प्रथिनं जपून वापरायला लागतं. मांजर पक्कं मांसाहारी, त्याला ही काटकसर नीटशी जमत नाही. अंगावर साठा जितका जास्त, तितका लोंढा मोठा.

दुपारी १.१५
रिपोर्ट आले. बिलिरुबिन चढलेलं, एएलपी भरपूर वाढलेलं, जीजीटी मात्र जवळपास जागेवर. ही जोडी या आजाराची खूण. पण घर बदललं म्हणून झालं, असं म्हणून फाईल मिटता येत नाही. खाणं सुटण्यामागे स्वादुपिंडाची सूज, मधुमेह, पित्तनलिकेचा किंवा आतड्याचा दाह, क्वचित कॅन्सरही असतो. साखर ठीक निघाली, स्वादुपिंडाची तपासणी पाठवली. पोटॅशियम कमी आहे, ते सलाईनमधून सुरू.

डबा गार झाला. उसळ होती.

३.३०
व्हिटॅमिन के टोचलं, कारण यकृत बिघडलं की रक्त गोठायला वेळ लागतो. मग नाकातून बारीक नळी घातली. काकूंनी चार दिवस बोटाने मासा-भात भरवला होता. मायेपोटीच, पण मळमळत असताना कोंबलेल्या घासाचा मांजराला कायमचा तिटकारा बसू शकतो. त्याची भूल सोसण्याइतकी तब्येत झाली की मानेतून अन्ननलिकेत जाड नळी बसवू. मग तीन ते सहा आठवडे काकूंनीच घरी सिरिंजने भरवायचं.

दिवसाची गरज अडीचशे कॅलरीच्या आसपास. आज फक्त पाव हिस्सा. उपाशी जिवाला एकदम भरवलं तर रक्तातलं फॉस्फरस कोसळतं आणि वाचत आलेलं मांजर हातचं जातं.

संध्याकाळी ६.४०
गुबगुबीत पर्शियन. मालकिणीने इंटरनेटवर बघून खाणं निम्मं केलंय, महिन्यात बारीक करायचंय म्हणे. मन्याचा पिंजरा दाखवला. आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्के, त्याहून घाई नाही.

८.१०
फोन. "मांजर कालपासून जेवलं नाहीये, परवा रविवारी सुट्टी आहे, तेव्हा आणू?" परवा नको, उद्या सकाळी नऊला आणा.

रात्री ११.००
१० मिली, हळूहळू. उलटी नाही. पुढचं खाणं पहाटे दोनला.