लिनक्स कर्नल व फाइल सिस्टीम : पुण्यातील झेडएफएस प्रयत्नाच्या संदर्भात

प्रस्तावना
महापे येथील मिलेनियम बिझनेस पार्कपासून पुण्याच्या हिंजवडीपर्यंत सॉफ्टवेअर उद्योग विस्तारला आहे. तथापि ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेल्या कर्नलचे अध्यापन आपल्याकडे बहुधा व्याख्येपुरते राहते. प्रस्तुत लेखात मुक्त-स्रोत कर्नलमध्ये नवी फाइल सिस्टीम कशी समाविष्ट होते, याचे विवेचन एका मराठी मुलखातील उदाहरणाने केले आहे.

कर्नलमधील रचना
१९९१ साली जन्मलेले लिनक्स आरंभी मिनिक्सची फाइल सिस्टीम वापरत असे. तिची मर्यादा ६४ मेगाबाइट होती. १९९२ मध्ये रेमी कार्ड यांची 'एक्स्ट' आली आणि कर्नलमध्ये 'व्हीएफएस' हा मधला स्तर रुजला. सुपरब्लॉक, आयनोड, डेंट्री व फाइल या त्याच्या चार मूलभूत संकल्पना होत. नव्या फाइल सिस्टीमने त्यांच्याशी संबंधित क्रिया पुरवून कर्नलकडे आपली नोंदणी करावयाची असते. त्यामुळे डिस्कवरील रचना बदलली तरी वापरकर्त्याचा प्रोग्रॅम बदलावा लागत नाही.

पुण्यातील प्रयत्न
सन मायक्रोसिस्टिम्सने सोलारिससाठी घडविलेली झेडएफएस २००५ मध्ये मुक्त-स्रोत झाली. ती प्रत्येक ब्लॉकची बेरीज-तपासणी करते आणि दुसरी प्रत उपलब्ध असल्यास बिघडलेला ब्लॉक दुरुस्त करते. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने ती लिनक्सवर आणण्यास प्रारंभ केला. परंतु फायली व निर्देशिका हाताळणारा पॉझिक्स स्तर त्यात नव्हता. २०१० मध्ये पुण्याच्या केक्यू इन्फोटेकने ही उणीव भरून काढण्याचे काम केले. सोलारिसचा 'व्हीनोड' आणि लिनक्सचे आयनोड-डेंट्री यांचा मेळ घालणे, हे त्यातील कठीण काम होय.

परवान्याचा प्रश्न
झेडएफएसचा सीडीडीएल आणि लिनक्सचा जीपीएल हे परवाने परस्परांशी विसंगत मानले जातात. म्हणून ती मूळ कर्नलमध्ये न जाता स्वतंत्र मॉड्यूल राहिली. याची किंमत वापरकर्त्यास मोजावी लागते : कर्नलची अंतर्गत रचना बदलली की मॉड्यूलही सुधारावे लागते; तोवर नव्या कर्नलवर त्याचा विदा खुला होत नाही.

निष्कर्ष
२०१३ मध्ये सुरू झालेल्या ओपनझेडएफएस प्रकल्पात हे कार्य पुढे चालू आहे. संकेतलेखनाइतकाच परवान्याचा अभ्यासही विद्यार्थ्यांना आवश्यक आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.