न खोदलेल्या खाणीचं बिल

मागच्या भागात आपण वीजबिल कसं वाचायचं ते पाहिलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क या ओळी बऱ्याच जणींना उमगल्या. 'इंधन समायोजन आकार' ही ओळ मात्र काही केल्या गळी उतरेना. एका ताईंनी फोनवर विचारलं, "आमच्या चुलीचं सरपण आम्ही आणतो, मग वीज कंपनीच्या चुलीच्या सरपणाचेही पैसे आम्हीच भरायचे का?"

प्रश्न एकदम नेमका आहे. उत्तर 'हो' असं आहे, पण एवढ्यावर भागत नाही. म्हणून आज आम्ही एका कोळसा खाणीची गोष्ट सांगणार आहोत. ही खाण खोदलीच गेली नाही, तिच्यातून टोपलीभरही कोळसा निघाला नाही. तरी तिचा हिशेब आपल्यापर्यंत आला.

आधी कोळशाचं बघू. आपल्या जालना जिल्ह्यात विहीर खोदली की माती, मग मुरूम, मग काळा पाषाण लागतो. हा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात कोळसा सापडत नाही. महाराष्ट्राचा कोळसा विदर्भात, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या बाजूला आहे आणि तो आपल्या पाषाणापेक्षा कितीतरी जुना, पंचवीस कोटी वर्षांच्याही मागचा. पण विजेला जिल्ह्याची हद्द नसते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या विजेवर पेटतात. आपल्या घरातली पिठाची गिरणी, पंखा, मोबाइल यांना लागणाऱ्या विजेतलीही बरीचशी कोळसा जाळूनच होते.

आता लोहाऱ्याकडे जाऊ. लोहारा हे चंद्रपूर शहराजवळचं ठिकाण. आजूबाजूला जंगल, आणि पुढे ताडोबा. ताडोबा हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झालं, आणि १९९५ पासून दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाला काही नकाशा वाचता येत नाही. तरणा झालेला वाघ आईचा इलाखा सोडून नवी जागा शोधायला निघतो, आणि प्रकल्पाच्या बाहेरचं जंगल ही त्याची वाट असते. ती वाट तुटली की तो गावात शिरतो. मग जंगलात मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपणाला जाणाऱ्या बायांच्या जिवावर बेतते. त्यामुळे जंगल वाचवा म्हणणारे फक्त गाडीत बसून वाघ बघायला येणारे असतात, असं समजू नका.

नोव्हेंबर २००७ मध्ये केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने लोहारा पश्चिम आणि लोहारा विस्तारित पूर्व हे दोन कोळसा पट्टे अदानी समूहाच्या वीज कंपनीला दिले. या कंपनीला गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला मोठं वीज केंद्र उभं करायचं होतं. इथला कोळसा तिकडे जाणार होता. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, आपल्या महावितरणने कंपनीशी वीजखरेदीचा करार केला आणि त्या विजेचा भाव याच कोळशाच्या भरवशावर ठरला.

इथे आम्हाला थांबून एक क्रम दाखवायचाय. आधी कोळसा वाटला. मग वीज कुठून घ्यायची तेही ठरलं. जंगलात खाण खोदता येईल का, हा प्रश्न त्यानंतर! पर्यावरणाची परवानगी लागते हे सगळ्यांना माहीत होतंच. त्या परवानगीची पहिली पायरी म्हणजे केंद्राचं पर्यावरण मंत्रालय कंपनीला लिहून देतं, की खाणीच्या परिणामांचा अभ्यास या या मुद्द्यांवर करा. याला कार्यकक्षा म्हणतात. ती २००८ मध्ये कंपनीला मिळाली. ही परवानगी नव्हे, नुसती अभ्यासाची यादी. मुलीची पत्रिका मागवली म्हणजे लग्न ठरलं असं थोडंच असतं?

चंद्रपूरच्या लोकांनी मात्र हे लग्न ठरलेलंच आहे असं वागू दिलं नाही. तिथे आधीच कोळशाच्या खाणी होत्या, सिमेंटचे कारखाने होते, मोठं औष्णिक वीज केंद्र होतं. २००९ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. वाळत घातलेल्या धुण्यावर काळा थर बसतो म्हणजे काय, हे तिथल्या बायांना कुणी समजावून सांगायला नको. त्याच वर्षी इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेचे बंडू धोतरे लोहाऱ्याच्या खाणीविरोधात उपोषणाला बसले. शहरातून त्यांना पाठिंबा मिळाला आणि गोष्ट दिल्लीपर्यंत पोहोचली. जयराम रमेश तेव्हा पर्यावरण मंत्री होते. जानेवारी २०१० मध्ये मंत्रालयाने दिलेली कार्यकक्षा मागे घेतली. कारण सरळ होतं: खाण ताडोबाच्या फार जवळ होती. पहिलीच पायरी काढून घेतल्यावर वर चढणार कसं? लोहाऱ्याची खाण तिथेच संपली.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच थांबते, जंगल वाचलं म्हणून. ते वाचलं हे खरंच आहे, आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण तिरोड्याचं केंद्र रद्द झालं नाही. ६६० मेगावॉटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॉट, २०१२ ते २०१४ या काळात उभे राहिले. त्यातल्या ८०० मेगावॉटसाठी लोहाऱ्याचा कोळसा धरला होता. तो आता दुसरीकडून आणायचा, म्हणजे महाग. हे जास्तीचे पैसे कुणी द्यायचे?

असं समजा, तुम्ही एका पिठाच्या गिरणीवाल्याशी करार केला, की वर्षभर ठरल्या भावाने ज्वारीचं पीठ दे. भाव कमी, कारण ज्वारी त्याला मिळालेल्या शेतातली. करारात एक कलम होतं, की सरकारच्या निर्णयाने खर्च वाढला तर वाढीव पैसे गिऱ्हाईक देईल. मग सरकारने ते शेत काढून घेतलं. गिरणीवाला बाजारातून ज्वारी आणतो आणि फरकाची चिठ्ठी तुमच्या हातात देतो. तुम्ही म्हणता, शेत मिळेल की नाही हे बघणं तुझं काम होतं. तो म्हणतो, शेत सरकारनेच दिलं आणि सरकारनेच नेलं.

हाच वाद अनेक वर्षं चालला. राज्य वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये म्हटलं, की पट्टा हातचा जाणं हा करारातला 'कायद्यातील बदल' आहे, म्हणून कंपनीला भरपाई मिळावी. दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाने २०२० मध्ये तेच मान्य केलं. महावितरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही २०२३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. महावितरणकडे स्वतःची टांकसाळ नाही. वीज खरेदीचा खर्च वाढला की तो शेवटी गिऱ्हाइकांकडून वसूल होतो, कधी दरवाढीतून, कधी आज ज्या ओळीपासून सुरुवात केली त्या इंधन समायोजन आकारातून. मुंबईचा बराचसा भाग सोडला तर राज्यभर महावितरणचेच घरगुती दर लागतात. म्हणून चंद्रपूरच्या जंगलातल्या निर्णयाची झळ घनसावंगीच्या घरालाही पोहोचते.

यावर कुणी म्हणेल, मग खाण होऊ द्यायला हवी होती, वीज स्वस्त मिळाली असती. आमचं मत तसं नाही. जंगल तिथे आधीपासून होतं, व्याघ्र प्रकल्प बारा वर्षं आधी जाहीर झाला होता. पट्टा वाटताना नकाशावर बोट ठेवून बघितलं असतं तरी कळलं असतं. न विचारता वाटल्याचा हा खर्च आहे, तो वाघाच्या नावावर टाकू नये. आणि ही चूक एकदाच घडली असंही नाही. ताडोबाजवळचाच बंदर नावाचा पट्टा जून २०२० मध्ये लिलावासाठी काढलेल्या ४१ खाणींच्या यादीत होता. राज्याचे तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहिलं, लोकांनीही विरोध केला, तेव्हा तो यादीतून वगळला गेला. या वेळी निदान करार व्हायच्या आधी विचारलं गेलं.

कोळशासाठी आपल्याकडे कुणी येणार नाही, पण मोठा कारखाना किंवा दुसरी मोठी खाण येऊ शकते. अशा प्रकल्पांना २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते, त्यातलं एक आपल्या भाषेतलं असावं लागतं. प्रकल्प अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र इथे बघायला ठेवतात. बचत गटाच्या दोघी-तिघींनी जाऊन तो आधी वाचावा आणि पाणी कुठून घेणार, राख किंवा माती कुठे टाकणार, ही पानं नीट बघावीत. पाण्याचं तर विसरूच नका. शेजारच्या बीड जिल्ह्यातलं परळीचं वीज केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं.

सुनावणीला किती माणसं हजर हवीत याला किमान आकडा नाही. दहा जण आले तरी सुनावणी झाली असंच धरतात. सगळ्याचं चित्रीकरण होतं, म्हणून बोलताना नाव आणि गाव आधी सांगा. बोलायला धीर होत नसेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

पुढच्या भागात वहन आकार. बिलं जवळ घेऊन बसा.